हृदय, नायट्रिक ऑक्साइड आणि डब्यातली पावडर

(विहाराच्या वर्धापनदिनी आरोग्य समितीतर्फे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात वंदना झाली, धम्मदेसना झाली, मुलांची गाणी व्हायची आहेत, आणि मध्येच हे रक्तदाबाचं काय आणलं, असं काहींच्या मनात आलं असेल. पण समितीने आम्हाला वीस मिनिटे दिली आहेत आणि ती आम्ही मागून घेतली आहेत. का मागितली, ते आधी सांगतो.

आम्ही म्हणजे विहाराच्या आरोग्य समितीतले चौघे जण. आमच्यात डॉक्टर कोणी नाही. एक निवृत्त परिचारिका, एक औषधाच्या दुकानात पंचवीस वर्षे नोकरी केलेले, एक शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाई आणि एक साखर कारखान्यातून निवृत्त झालेले कामगार. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वंदनेनंतर आम्ही येथे रक्तदाब मोजतो, वहीत लिहून ठेवतो आणि ज्याचा जास्त आढळेल त्याला दवाखान्यात जायला सांगतो. एवढेच आमचे काम.

या कामात आमच्या हातून एक चूक झाली आहे. मागच्या वर्षी एक गृहस्थ आले. ‘हृदयरोगावर मोफत मार्गदर्शन करतो, सभागृह द्या’ म्हणाले. बोलणे गोड, कपडे स्वच्छ, शिवाय आपल्याच एका कुटुंबाच्या ओळखीचे. आम्ही चौकशी केली नाही, सभागृह दिलं. त्यांनी पडद्यावर नसांची रंगीत चित्रे दाखवली, नायट्रिक ऑक्साइड नावाच्या वायूला नोबेल पारितोषिक मिळाल्याचे सांगितले आणि शेवटी पिशवीतून डबे काढले. त्यात अमायनो आम्लाची पावडर होती. एक डबा घेतला तर एवढे, चार घेतले तर एवढे, आणि तुम्ही आणखी चौघांना विकलेत तर तुम्हालाही कमिशन. त्या दिवशी बऱ्याच घरांत डबे गेले. आमच्यापैकी एकाच्या घरीही गेला.

आपल्या वस्तीतले एक काका, नाव घेत नाही, पण ते आज समोर बसले आहेत आणि सांगायला त्यांची परवानगी आहे. त्यांना आदल्या वर्षी हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता आणि नसेत स्टेंट बसवलेली होती. डबा आणल्यावर दोन्हींचा खर्च झेपेना. मग त्यांनी काय केलं? गोळ्या बंद केल्या आणि पावडर चालू ठेवली. रक्त पातळ करणारी गोळी बंद, रक्तदाबाची बंद. दोन महिन्यांनी पहाटे छातीत दुखू लागलं. मुलाने वेळेवर नेले म्हणून ते आज आपल्यात आहेत. पण पूर्वी सायकलवर मार्केट यार्डापर्यंत जाणारा माणूस आता विहाराच्या चार पायऱ्या चढताना दोनदा थांबतो.

ज्या सभागृहात आपण त्रिशरण-पंचशील घेतो, तिथूनच तो डबा त्यांच्या घरी गेला. म्हणून आम्ही ठरवलं, वर्धापनदिनी सगळ्यांसमोर ही गोष्ट सांगायची, आणि नुसती माफी मागायची नाही, तर त्या डब्यात खरं काय आणि खोटं काय, तेही समजून घेऊन सांगायचं. पुस्तके चाळली, ओळखीच्या डॉक्टरांना विचारलं, आणि जे पक्के समजले तेवढेच आज मांडतो.

नायट्रिक ऑक्साइड म्हणजे काय?

पहिली गोष्ट, त्या गृहस्थांनी सांगितलेलं सगळंच खोटं नव्हतं. खोटं ओळखायला सोपं असतं. अर्धं खरं जास्त फसवतं.

आपल्या रक्तवाहिन्या लोखंडी नळासारख्या नाहीत. त्या जिवंत आहेत, आकुंचन पावतात, सैल होतात. त्यांच्या आतल्या बाजूला पेशींचा एक अगदी पातळ थर असतो, एका पेशीएवढ्या जाडीचा. त्याला अंतःस्तर म्हणू या. पूर्वी हा थर म्हणजे घराला आतून दिलेल्या चुन्याच्या हातासारखा समजत, नुसता गुळगुळीतपणासाठी. १९८० साली रॉबर्ट फर्चगॉट या अमेरिकन शास्त्रज्ञाने दाखवून दिले की हा थर काम करतो. सशाच्या रक्तवाहिनीच्या पट्टीवर तो थर शाबूत असला तर एका विशिष्ट रसायनाने ती पट्टी सैल पडायची, आणि थर घासून निघून गेला असला तर तेच रसायन देऊनही सैल पडत नसे. म्हणजे तो थर स्नायूला काहीतरी निरोप देत होता. तो निरोप कोणता? पुढे १९८६ च्या सुमारास फर्चगॉट आणि लुई इग्नारो यांनी वेगवेगळे संशोधन करून सांगितले की तो निरोप म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा वायू. फेरिद मुराद यांनी त्याआधीच, १९७७ साली, नायट्रोग्लिसरीनसारख्या औषधांतून हाच वायू सुटतो आणि त्यानेच रक्तवाहिनी सैल पडते, हे दाखवले होते. या तिघांना १९९८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले.

तेव्हा नोबेल खरे. पण मंडळी, नोबेल शोधाला मिळालं, डब्याला नाही.

हा वायू शरीरात काही सेकंदच टिकतो. अंतःस्तरात तयार होतो, शेजारच्या स्नायूला ‘सैल हो’ म्हणतो आणि संपतो. नस रुंदावते, रक्त सहज वाहते, दाब उतरतो. शिवाय रक्तातल्या चकत्या एकमेकींना चिकटून गाठ होऊ नये, यासाठीही तो मदत करतो. दात काढताना हुंगवतात तो नायट्रस ऑक्साइड वेगळा, आणि धुराड्यातून किंवा गाडीच्या धुरातून निघणारा नायट्रिक ऑक्साइड नाकाने घेणं वाईटच. येथे आपण बोलतोय ते शरीराने स्वतःच्या आत, लागेल तेवढा तयार केलेल्या वायूबद्दल.

सुरुंग आणि जिभेखालची गोळी

आपला नगर जिल्हा, आता कागदोपत्री अहिल्यानगर, हा अवर्षणाचा जिल्हा. येथे विहीर म्हणजे कातळ फोडणे आणि कातळ फोडणे म्हणजे सुरुंग. आपल्यातल्या कित्येकांचे बाप-आजे विहिरीच्या कामावर गेले, १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेले. जुन्या सुरुंगाच्या कांड्यांत नायट्रोग्लिसरीन असे. त्या कांड्या हाताळणाऱ्यांचं डोकं दुखायचं. कारण काय? ते द्रव्य कातडीतून अंगात जायचं, शरीरात त्यातून नायट्रिक ऑक्साइड सुटायचा, डोक्यातल्या नसा फुगायच्या आणि ठणका लागायचा.

युरोपातल्या डायनामाइटच्या कारखान्यांतही असंच व्हायचं. सुट्टीनंतर सोमवारी कामावर आलं की कामगारांचं डोकं ठणकायचं. आणि ज्यांना छातीत दुखण्याचा विकार होता, त्यांना कामाच्या दिवशी आराम वाटायचा आणि सुट्टीच्या दिवशी छातीत कळ यायची. कामगारांच्या अंगाने जे आधीच सांगितलं, त्याचं कारण विज्ञानाला नंतर सापडलं. १८७९ साली विल्यम मरेल या इंग्रज डॉक्टरने छातीच्या दुखण्यावर नायट्रोग्लिसरीनचा उपयोग प्रसिद्ध केला. आणि गंमत बघा, ज्या आल्फ्रेड नोबेलने १८६७ साली डायनामाइटचे पेटंट घेतले, त्यालाच म्हातारपणी हृदयाच्या दुखण्यासाठी डॉक्टरांनी नायट्रोग्लिसरीन घ्यायला सांगितलं. हा दैवाचा खेळ म्हणावा काय, अशा अर्थाचं त्याने १८९६ साली पत्रात लिहिलं आणि त्याच वर्षी तो वारला.

आज आपल्याकडे हृदयाचे दुखणे असलेला माणूस खिशात जी सॉर्बिट्रेटची छोटी गोळी ठेवतो, ती याच घराण्यातली. जिभेखाली ठेवली की काही मिनिटांत नस सैल पडते. ती घेताना बसून घ्यावी, कारण दाब एकदम उतरून भोवळ येते. आणि पुरुषांनी एक गोष्ट लाज सोडून ऐकावी. ताकदीच्या म्हणून ज्या निळ्या गोळ्या मिळतात, त्या घेतल्या असतील तर ही गोळी घेऊ नये. दोन्ही मिळून रक्तदाब जीव जाण्याइतका उतरू शकतो. डॉक्टरांपासून हे लपवू नका.

मग पावडरीत काय असतं?

शरीर हा वायू कशापासून बनवतं? आर्जिनिन नावाच्या अमायनो आम्लापासून. अमायनो आम्ल हे नाव ऐकून भिऊ नका. प्रथिनं म्हणजे जर भिंत धरली, तर अमायनो आम्लं म्हणजे तिच्या विटा. डाळ, शेंगदाणे, अंडी, दूध, मासे, मटण या सगळ्यांतून त्या विटा आपल्याला मिळतातच. आर्जिनिन शरीर स्वतःही थोडं तयार करतं. दुसरं एक सिट्रुलिन. ते कलिंगडात असतं, त्याचं नावही कलिंगडाच्या लॅटिन नावावरूनच पडलं. सिट्रुलिनपासून मूत्रपिंडात आर्जिनिन बनतं.

पावडर विकणाऱ्याचा हिशोब सरळ असतो. आर्जिनिनपासून वायू बनतो, वायूने नस रुंदावते, म्हणून जास्त आर्जिनिन खा, नस जास्त रुंदावेल, हृदय ठणठणीत राहील. कागदावर हे बरोबर दिसतं. मग चुकतं कुठे?

आपल्या भाषेत सांगतो. विहिरीत पाणी भरपूर आहे, पण वर बसवलेली मोटार जळालीय. आता तुम्ही टँकर आणून विहिरीत ओतलात तर शेताला पाणी मिळेल का? बहुतेकांच्या रक्तात आर्जिनिन कमी नसतंच. ज्यांना मधुमेह आहे, रक्तदाब आहे, जे तंबाखू खातात, विडी ओढतात, त्यांचा तो अंतःस्तर खराब झालेला असतो, म्हणजे मोटार बिघडलेली असते. कच्चा माल वाढवून बिघाड दुरुस्त होत नाही. उलट बिघडलेली मोटार पाण्याऐवजी चिखल उपसावी, तसा खराब झालेला अंतःस्तर चांगल्या वायूऐवजी अपायकारक द्रव्येही तयार करतो. आणि तोंडाने घेतलेलं आर्जिनिन बरंचसं आतड्यात आणि यकृतातच मोडून जातं, ते वेगळंच.

हा झाला तर्क. तर्कावर जाऊ नका, प्रयोगात काय दिसलं ते बघा.

अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या डॉक्टरांनी नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले १५३ रुग्ण घेतले. निम्म्यांना नेहमीच्या औषधांबरोबर रोज तीन वेळा ३ ग्रॅम, म्हणजे दिवसाला ९ ग्रॅम आर्जिनिन द्यायचं ठरलं, निम्म्यांना तशीच दिसणारी निरुपयोगी पुडी. कोणाला काय मिळतंय हे रुग्णालाही ठाऊक नाही, डॉक्टरांनाही नाही. सहा महिन्यांत काय झालं? आर्जिनिनवाल्यांच्या नसा मऊ झाल्या नाहीत, हृदयाची ताकद वाढली नाही. आणि आर्जिनिनच्या गटात ६ जण दगावले, दुसऱ्या गटात एकही नाही. प्रयोग मध्येच थांबवावा लागला. हा अहवाल २००६ साली प्रसिद्ध झाला, आणि झटका येऊन गेलेल्या माणसाने आर्जिनिन घेऊ नये, असा निष्कर्ष त्या डॉक्टरांनी काढला.

आम्ही हे वाचलं तेव्हा आमच्यातल्या बाईंनी चष्मा काढून ठेवला. कारण त्या दिवशी सभागृहात ‘झटका येऊन गेलेल्यांनी तर हे जरूर घ्यावे’ असं सांगितलं गेलं होतं आणि आम्ही माना डोलावल्या होत्या.

आता न्यायाने बोलायचं तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. काकांना जो त्रास झाला तो पावडरीमुळेच झाला, असं आम्ही म्हणत नाही. स्टेंट बसवलेल्याने रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद केली की स्टेंटमध्ये गाठ होऊ शकते. घात बहुधा तिथे झाला. पण गोळीची जागा पावडरीने घेतली, हेही तितकंच खरं.

रक्तदाबावर आर्जिनिनचा थोडा परिणाम होतो. २०११ साली अशा ११ प्रयोगांचा एकत्र हिशोब मांडला गेला, त्यात वरचा रक्तदाब सरासरी ५ पॉइंटने उतरलेला दिसला. पण ते प्रयोग छोटे आणि थोड्या आठवड्यांचे होते. आणि सरकारी दवाखान्यातली एक साधी रक्तदाबाची गोळी साधारण ८ ते १० पॉइंट उतरवते, तिच्यामुळे झटके आणि लकवे कमी होतात हे हजारो माणसांवर वर्षानुवर्षे पाहिलेलं आहे. पावडरीबद्दल तसं कोणी दाखवलेलं नाही. पायांच्या नसा आवळलेल्या १३३ रुग्णांना अमेरिकेत सहा महिने रोज ३ ग्रॅम आर्जिनिन दिलं, २००७ साली त्याचा अहवाल आला. त्यांच्या चालण्यात पावडरीमुळे फायदा दिसला नाही.

आमच्या सुना-लेकींनी विचारलं, ‘मग गरोदरपणात डॉक्टर आर्जिनिनच्या पुड्या देतात, त्या काय खोट्या?’ प्रश्न रास्त आहे. गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा धोका असलेल्या बायकांना आर्जिनिन आणि काही जीवनसत्त्वे एकत्र दिल्याने फायदा झाला, असा मेक्सिकोतला अभ्यास २०११ साली आला. तो विषय वेगळा, रुग्ण वेगळे. तपासणाऱ्या डॉक्टरांनी दिली असेल तर त्यांना विचारून घ्या. पण सुनेची उरलेली पुडी सासऱ्याच्या छातीला चालेल, असं समजू नका.

आणि व्यायामशाळेत जाणाऱ्या आमच्या पोरांनो, तुमच्याही डब्यात हेच असतं, बरोबर भरपूर कॅफीन आणि साखर. डब्याच्या मागे बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की हे औषधी उपयोगासाठी नाही. कायद्याने ते लिहावंच लागतं, कारण पूरक आहार हा कायद्याच्या दृष्टीने अन्न आहे, औषध नाही. पुढच्या बाजूला हृदयाचं चित्र मोठं, मागच्या बाजूला ही ओळ बारीक. डबा उलटा करून वाचायची सवय लावा.

मोटार दुरुस्त कशी करायची?

आता तुम्ही म्हणाल, हे करू नका, ते करू नका, मग करायचं काय? सुदैवाने नायट्रिक ऑक्साइड वाढवण्याचे जे उपाय खरोखर उपयोगी आहेत, ते सगळे आपल्या अंगणात आहेत.

पहिला उपाय चालणे. माणूस भराभर चालू लागला की रक्ताचा वेग वाढतो. वाहतं रक्त त्या अंतःस्तराला घासतं आणि त्या घासण्यानेच तो थर वायू सोडतो. रोज अर्धा तास, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही अशा वेगाने. भगिनींनी ‘दिवसभर कामच असतं की’ म्हणून हसू नये. भांडी-धुणं वेगळं आणि सलग चालणं वेगळं. ज्यांना झटका येऊन गेलाय त्यांनी किती चालावं हे डॉक्टरांना विचारून ठरवावं.

दुसरा उपाय तंबाखू सोडणे. विडी, सिगारेट, गुटखा आणि आपल्या बायकांची मिश्री. हो, मिश्रीसुद्धा तंबाखूच आहे. विडीचा धूर तर तयार झालेला वायू नासवतो आणि अंतःस्तर जाळतो. एका हाताने विडी आणि दुसऱ्या हाताने पावडर म्हणजे भोक पडलेल्या पोहऱ्याने पाणी शेंदणं.

तिसरा उपाय पालेभाजी. शरीराकडे वायू बनवायची दुसरीही वाट आहे. पालक, मेथी, तांदुळजा, मुळा, बीट यांत नायट्रेट असतं. आपल्या जिभेवरचे उपकारक जंतू त्याचं नायट्राइट करतात आणि पुढे शरीरात त्यातून नायट्रिक ऑक्साइड बनतो. लंडनमध्ये रक्तदाबाच्या रुग्णांना चार आठवडे रोज २५० मिलिलिटर बीटचा रस दिला, तेव्हा वरचा दाब ७ ते ८ पॉइंटने उतरला. हा अभ्यास २०१५ चा. रस बंद केल्यावर दाब पुन्हा होता तिथे आला. म्हणजे बीट चांगलं, पण ते अन्न आहे, इलाज नाही. आपल्याकडचा कच्च्या मेथीचा घोळाणा, भाकरीबरोबर मुळा, हे आपल्या आयांना ठाऊकच होतं. फक्त भाजी उकडून पाणी फेकू नका, नायट्रेट त्या पाण्याबरोबर जातं. आणि औषधी गुळण्यांचं पाणी डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय रोज वापरू नका, त्याने जिभेवरचे ते जंतूच मरतात. मूतखडा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी बीट-पालक विचारून खावं. झडपेचं ऑपरेशन होऊन रक्त पातळ करणारी वॉर्फरिनसारखी गोळी चालू असेल, त्यांनीही पालेभाजी एकदम वाढवू-घटवू नये.

मागे एका भाऊंनी विचारलं, ‘नायट्रेट चांगलं, तर युरिया झिरपलेल्या विहिरीचं पाणी प्यायचं का?’ नाही भाऊ. बागायती पट्ट्यातल्या पुष्कळ विहिरींत नायट्रेट मर्यादेपेक्षा जास्त असतं. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर ते असू नये. तान्ह्या बाळाला तसं पाणी पाजलं तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद जाते, बाळ निळं पडतं. भाजीतलं नायट्रेट भाजीतल्या इतर चांगल्या गोष्टींबरोबर येतं, विहिरीतलं तसं नाही.

चौथा उपाय, आर्जिनिनच हवं असेल तर शेंगदाणे खा. १०० ग्रॅम शेंगदाण्यात सुमारे ३ ग्रॅम आर्जिनिन असतं. मूठभर भाजलेले शेंगदाणे, खारे नव्हेत, मटकी, हुलगे, हरभरा, तीळ. जेवणातून एवढं मिळालं तर पुरे. त्यात प्रथिनं आली, चोथा आला आणि कमिशन कोणाला द्यावं लागलं नाही.

पाचवा उपाय मीठ कमी करणे. दिवसाला माणशी एक छोटा चमचा, ५ ग्रॅमच्या आत. आपली भाकरी-ठेचा, लोणचं, पापड, वरून घेतलेलं मीठ, याचा हिशोब केला तर तो बऱ्याच घरांत दुपारपर्यंतच संपतो. दारूबद्दल वेगळं सांगायला नको, पाचवं शील रोज घेतोच. हृदयालाही ते शील उपयोगी आहे.

खाण्याचा आणि विश्वास ठेवण्याचा विवेक

तथागतांकडे कोसलचा राजा पसेनदी जेवणानंतर धापा टाकत आला, ही कथा संयुक्त निकायात आहे. राजा द्रोणभर भात खात असे. भगवंतांनी त्याला ना औषध दिलं ना मंत्र. माप राखून खाणाऱ्याच्या व्यथा कमी होतात, अशा अर्थाची गाथा सांगितली. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली आणि रोज जेवताना म्हणायला नेमलं. हळूहळू राजा मापात खाऊ लागला आणि अंगाने हलका झाला. आपल्याला सुदस्सन नेमायची ऐपत नाही, पण घरातली नात ‘आजोबा, मीठ पुरे’ म्हणाली तर रागवू नका. तीच तुमची सुदस्सन.

आणि केसपुत्तच्या कालामांना जे सांगितलं ते तर आपण नेहमी सांगतो. कोणी थोर आहे म्हणून, ऐकीव आहे म्हणून मानू नका, स्वतः पारखा. आम्ही ते भाषणात सांगत राहिलो आणि डबा आला तेव्हा विसरलो. पारखायचं म्हणजे काय? तीन प्रश्न विचारायचे. हे घेतल्याने माणसं जास्त जगली की नुसता एखादा आकडा बदलला? कोणावर पाहिलं, किती जणांवर, किती दिवस? आणि सांगणाऱ्याला माझ्या खरेदीतून काय मिळतं?

बाबासाहेबांना मधुमेह होता. १९५४ साली ते जून ते ऑक्टोबर अंथरुणाला खिळून होते. तरीही लिहीत राहिले, आणि वयाच्या अवघ्या ६५ व्या वर्षी आपल्यातून गेले. त्यांनी दुखणं अंगावर काढलं ते आपल्यासाठी. आपण अंगावर काढतो ते कोणासाठी? आज उपचार आहेत. महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार मोफत आहेत. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा नंबर आहे. छातीत दाबल्यासारखं वाटलं, घाम सुटला, डावा हात किंवा जबडा दुखू लागला, तर ‘गॅस असेल’ म्हणून ओवा खात बसू नका. बायकांना कधी नुसती धाप आणि मळमळ होते. लगेच निघा.

कोणी म्हणेल, आम्ही अडाणी माणसं, आम्हाला हे कसं कळायचं? त्यांनी आपल्याच जिल्ह्यातलं जामखेड आठवावं. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तिथे काम सुरू केलं. गावानेच निवडलेल्या बायकांना त्यांनी आरोग्याचं शिक्षण दिलं. त्यात अक्षरओळख नसलेल्या होत्या, दलित कुटुंबांतल्या होत्या. त्याच बायकांनी गावातली बाळं आणि बाळंतिणी वाचवल्या. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जे ज्ञान त्या मावशींना पेललं, ते आपल्याला पेलणार नाही असं कसं म्हणावं?

आमचा संकल्प

शेवटी, आम्ही विहार समितीपुढे चार गोष्टी ठेवल्या आणि समितीने त्या मान्य केल्या. एक, यापुढे विहाराच्या सभागृहात कोणतंही औषध, पावडर, तेल किंवा यंत्र विकलं जाणार नाही, मग विकणारा आमचा सख्खा भाऊ का असेना. दोन, रविवारच्या तपासणीत आम्ही नुसता रक्तदाब लिहिणार नाही, गोळी चालू आहे की बंद, हेही विचारून लिहू. तीन, पैशांअभावी कोणाची गोळी बंद पडत असेल तर त्याने लाजू नये, आमच्यापैकी एक जण त्याच्याबरोबर सरकारी दवाखान्यात रांगेत उभा राहील. चार, ज्यांच्या घरी अजून तो डबा आहे त्यांनी तो घेऊन यावा, आम्ही त्यावरची बारीक अक्षरं तुमच्यासमोर वाचून दाखवू. पुढे काय करायचं ते तुम्ही ठरवा. ज्यांना झटका येऊन गेलाय त्यांनी मात्र ठरवायला वेळ घेऊ नये, आज रात्रीच बंद करावा. आणि गोळी बंद करू नये.

त्या काकांनी आम्हाला एक गोष्ट सांगितली. ते म्हणाले, ‘तुम्ही विहारात सांगितलं म्हणून मी घेतलं रे. बाहेर सांगितलं असतं तर घेतलं नसतं.’ हे वाक्य आम्हाला फार दिवस झोपू देत नव्हतं. विहारावर ठेवलेला विश्वास हा आपल्या आई-बापांनी वीट वीट करून उभा केला आहे. तो आमच्या हातून थोडा ढळला. तो परत उभा करण्यासाठी आम्ही दर पहिल्या रविवारी येथे बसलेले असू. तुम्ही या, हात पुढे करा, आणि आम्हालाही प्रश्न विचारा.

 भवतु सब्ब मंगलं. जयभीम. नमो बुद्धाय.